इंजिनाची आंघोळ

त्या सकाळी विमलताईंचं कशातच लक्ष नव्हतं. भाकरी तव्यावर टाकायची आणि अंगणात जायचं, अंगणातून धावत येऊन ती उलथायची आणि पुन्हा अंगणात जायचं, असं चाललं होतं. दोन भाकरी करपल्या, तिसरी कच्ची राहिली. अंगणात पाहण्यासारखं तरी काय होतं? टिनाच्या शेडखाली लाल्याची जागा रिकामी होती. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता आणि त्या डागावर एक कोंबडी पाय पोटाशी घेऊन बसली होती.

लाल्या म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर. मूळचा लाल रंग कधीच उडाला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. मुलाच्या, रजतच्या जन्माआधी घरात आलेला. रजत आता पुण्यात नोकरीला होता आणि दर फोनला सांगायचा, बाबा, तो डबा भंगारात द्या. त्यावर पुंडलिकराव फोन बायकोच्या हातात द्यायचे आणि खर्रा थुंकायला बाहेर जायचे.

हा लाल्या सध्या आर्णीला धर्मपालच्या गॅरेजात उघडा पडला होता. इंजिन खोलून झालं होतं. हेड वेगळं, पिस्टन वेगळे, पण पाणी कुठून जातं ते सापडत नव्हतं. ‘ब्लॉकच तडकला असन,’ धर्मपालने निरोप दिला होता, ‘उद्या धुवून पाहतो.’ म्हणून पुंडलिकराव पहिल्या एसटीनेच आर्णीला गेले होते. जातानाचा त्यांचा चेहरा चोर पकडायला निघालेल्या पोलीसपाटलासारखा होता.

चोर कोण हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात हे इंजिन धर्मपालनेच बांधलं होतं. पोळ्यापर्यंत लाल्या कुरकुर न करता चालला. पोळ्यानंतर रेडिएटरातलं पाणी कमी होऊ लागलं, मग इंजिन तापू लागलं, आणि सोयाबीन काढून हरभऱ्याची तयारी करायची तर ते भर वावरात वाफ सोडून बसलं. ऑइल काढून पाहिलं तर दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी त्यात उतरलेलं. तेव्हापासून पुंडलिकरावांच्या जिभेला हाड राहिलं नाही. पारावर, बाजारात, लग्नात, मयतीत, जिथे चार माणसं दिसतील तिथे त्यांचं एकच पालुपद. धर्मपालचा हात बिघडला. आता त्याच्याकडे ट्रॅक्टर देणं म्हणजे खाटकाकडे गाय देणं.

आणि विमलताईंना ठाऊक होतं की धर्मपालचा हात बिघडलेला नाही.

त्यांची शेवटची बैलजोडी विकली त्या वर्षी पोळ्याला दार सुनं राहिलं. गावभर घुंगरं वाजत होती आणि यांच्या दारात चिटपाखरू नाही. विमलताईंना ते सोसलं नाही. पुढच्या वर्षी खांदशेकणीच्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्याला लावतात तशी तूप-हळद त्यांनी कालवली आणि वाटी घेऊन गेल्या लाल्याकडे. बोनट उघडून इंजिनाच्या कुशीला ती चोळली आणि बैलांना म्हणायच्या तसंच म्हणाल्या, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ पुंडलिकराव पोट धरून हसले. पण दुसऱ्या दिवशी न्हाऊ घातलेल्या, झूल पांघरलेल्या ट्रॅक्टरवर ताठ बसून तेच, जिथे पोळा भरतो त्या तोरणाखाली गेले. हळूहळू गावच्या तोरणाखाली बैल कमी आणि ट्रॅक्टर जास्त झाले. ही रीत आपल्या घरातून निघाली याचा विमलताईंना केवढा तोरा! कुणी नवीन सून भेटली की तिला ही गोष्ट ऐकावीच लागे.

यंदा ऐन पोळ्याच्या दिवशी नाल्यात कुणाचा तरी टेम्पो फसला. तो ओढायला पुंडलिकराव लाल्याला घेऊन गेले आणि दुपारभर तिथेच अडकले. परतले तेव्हा इंजिन इतकं तापलेलं की जवळ उभं राहवेना, आणि त्यावर चिखलाचे थर. तिकडे तोरणाशी डफ वाजत होता, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या होत्या. उशीर झाला, उशीर झाला करत विमलताईंनी विहिरीचं गार पाणी बादलीने थेट इंजिनावर ओतलं. फस्सकन वाफ उठली आणि त्या वाफेत एक आवाज झाला. टण्ण. पितळी गडव्यावर नखाने टिचकी मारल्यासारखा, अगदी बारीक. त्या क्षणभर थांबल्या. मग बादलीची कडी वाजली असेल असं स्वतःला सांगितलं, आदल्या दिवशीची उरलेली तूप-हळद भराभर चोळली आणि लाल्याला वाजतगाजत पाठवून दिलं.

बादली प्लास्टिकची होती आणि तिची कडीही प्लास्टिकचीच होती. हे त्यांना रेडिएटरातलं पाणी पहिल्यांदा कमी झालं त्या दिवशी आठवलं.

सांगायचं कितीदा तोंडाशी आलं होतं. पण गाव कसं असतं ते त्यांना माहीत होतं. गावातल्या उकंडाने तरुणपणी एकदा चुकून भलत्याच मांडवात शिरून आहेर केला आणि जेवूनही आला. बिचाऱ्याला आता नातवंडं झाली, पण लोक अजून त्याला ‘मांडव कोनता’ म्हणूनच हाका मारतात. इंजिनाला आंघोळ घालून मारणाऱ्या बाईला काय काय म्हणतील! आणि ज्या रितीचा एवढा तोरा मिरवला, तिचंच हसं. म्हणून त्या गप्प राहिल्या. नवरा पारावर बोलत राहिला, आणि त्या घरात भांडी घासत राहिल्या, घासलेली पुन्हा घासत राहिल्या.

आज मात्र घरात बसवेना. चोर पकडायला गेलेला माणूस काय बोलून येईल याचा नेम नव्हता. नवरा उपाशी गेला आहे एवढं निमित्त त्यांना पुरलं. करपलेली भाकरी खाली, बरी भाकरी वर, असा डबा बांधून त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

काळी-पिवळी जीप आली. आत तांड्यावरचा प्रेमसिंग बसला होता. ट्रॅक्टर भाड्याने देणारा माणूस, बोलायला मोकळा. त्याने सरकून जागा केली.

‘काकू, आर्णीले? लाल्याचं काय झालं?’

‘तेच पाहाले चालली. तुहा ट्रॅक्टर कुठी हाय?’ त्यांनी उगाच विचारलं.

‘दिग्रसले टाकला इंजनकामाले.’

‘दिग्रसले काहून? तू तं धर्मपालकडेच टाकत होता न.’

प्रेमसिंगने खिडकीबाहेर पाहिलं. ‘टाकत होतो काकू. टाकलाबी होता. पन काका बजारात जे बोलले ते आयकलं अन् दुसऱ्या दिवशी ओढून नेला वापस. माहं पोट त्याच्यावर हाय. रिस्क कोन घेईन?’ मग म्हणाला, ‘धर्मपाल काईच नाई बोलला. गेट उघडून देल्लं फक्त. मले तेच बरं नाई वाटलं.’

विमलताईंनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. पुढच्या फाट्यापर्यंत त्यांनी तो इतक्यांदा इकडून तिकडे केला की प्रेमसिंग म्हणाला, ‘काकू, द्या माह्याकडे, सांडन.’

धर्मपालचं गॅरेज आर्णीच्या बाहेर, रस्त्याला लागून. एरवी आवारात पाय ठेवायला जागा नसे. आज तिथे एक मोडका पेरणीयंत्राचा सांगाडा आणि मधोमध लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला लाल्याचा ब्लॉक, एवढंच होतं. विमलताईंनी तो असा कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ज्याला हळद चोळली त्याच्या पोटात नुसतीच मोठी मोठी भोकं होती.

पुंडलिकराव गॅरेजातली एकुलती एक खुर्ची अडवून बसले होते. धर्मपाल खाली उकिडवा बसून ब्लॉकच्या खाचा तारेच्या ब्रशने खरडत होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, तापट माणूस. त्याच्या रागाला गिऱ्हाइकंही वचकून असत. पण आज तो जबडा घट्ट मिटून काम करत होता आणि पुंडलिकराव त्याच्या डोक्यावर मिरे वाटत होते.

‘अजून किती घासशीन? झिजन तो.’

‘काका, मयल निघाल्याबिगर क्रॅक दिसत नाई.’

‘बांधताना पाह्यलं असतं तं आज घासा नसतं लागलं.’

ब्रश थांबला. धर्मपालने मान वर केली, विमलताई दिसल्या, आणि जे बोलायचं होतं ते त्याने गिळलं. ‘या काकू,’ तो म्हणाला, आणि ब्रश पुन्हा चालू झाला.

पुंडलिकरावांना बायको आलेली आवडली नाही. ‘तू कायले आली?’

‘डबा आनला.’

‘मी इथं काय जेवाले आलो?’ असं म्हणून ते जेवायला बसले. करपलेली भाकरी निघाली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बायकोकडे पाहिलं, आणि काही न बोलता खाल्ली. एरवी एवढ्या भाकरीवर त्यांनी अर्धा तास भाषण दिलं असतं. विमलताईंच्या ते ध्यानात आलं, पण त्या वेळी त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांचा सगळा जीव त्या ब्लॉककडे लागला होता.

जेवण झालं आणि पुंडलिकराव समोरच्या नलूच्या टपरीवर चहाला निघाले. टपरीवर प्रेमसिंग होता, अजून दोघं-चौघं होते. रस्ता ओलांडता ओलांडताच त्यांचा आवाज चढला. ‘अरे, इंजन असं खोललं हाय, जसं पोस्टमार्टम!’ टपरीवर हशा पिकला. धर्मपालने तो ऐकला. विमलताईंनीही ऐकला. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

धर्मपाल उठला. फळीवरून एक जुनी बाटली काढली. ‘रॉकेल हाय,’ तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, ‘आता मियतबी नाई कुठी. या कामापुरतं ठेवलं.’ फडक्याने त्याने ब्लॉकच्या एका कुशीला रॉकेल माखलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग कोरड्या फडक्याने सगळं लख्ख पुसून घेतलं आणि खिशातून शाळेतल्या फळ्याचा असतो तसला पांढरा खडू काढला.

‘हे काय रे?’

‘तडा असन तं रॉकेल आत जाऊन बसते, काकू. वरून खडू लावला का ते हळूहळू बाहेर येते. रेघ उमटते. डोयाले दिसत नाई ते खडू दाखवते.’

तो खडू घासू लागला. काळं लोखंड पांढरं होत गेलं. विमलताई आधी उभ्या होत्या, मग बसल्या, मग पुन्हा उठल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. समोर खडूच्या पांढऱ्यावर काही नव्हतं. त्यांना वाटलं, नसेलच. देवा, नसूच दे. टाकी फुटली असेल, नळी फुटली असेल, काहीही असेल.

मग पंपाच्या जागेच्या वर, जिथे दर पोळ्याला त्यांचा हात फिरायचा नेमका तिथे, केसाएवढी रेघ उठली. ती खाली उतरत गेली, जराशी वळली आणि बोल्टाच्या भोकाशी थांबली. रॉकेलची ओल खडूवर काळपट दिसते. ही रेघ पिवळी होती.

धर्मपालने तिला बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं.

‘तूप,’ तो म्हणाला. ‘तूप अन् हयद.’

विमलताईंनी हात पदराआड नेले.

‘धुतानाच शंका आलती मले,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘डिझेलनं धुतलं तरी पिवयं सुटूनच राह्यलं होतं. लोखंड तापलं असतानी पानी घातलं न?’

त्यांनी मान हलवली.

‘आवाज आलता?’

‘आलता.’ एवढं म्हटलं आणि त्यांचे डोळे भरून आले. इतके दिवस छातीवर धोंडा होता तो एका शब्दाने हलला. ‘मले वाटलं बादली वाजली. नाई बापा, वाटलं नाई. मी तसं मनाले सांगतलं. तू सांग त्याइले. आत्ता सांग. मी हाय इथं.’

‘मी सांगू?’ धर्मपाल हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. ‘काकू, मी तोंड उघडलं का इंजन राह्यते बाजूले. आमच्या बौद्ध वस्तीतल्या मान्सानं म्हनायचं का पोयाच्या पूजेनं इंजन तडकलं? संध्याकायच्या आत गावभर होईन, धर्मपाल पूजेले नाव ठेवते. आपली चूक झाकाले देवाधर्माले मधात आनते. मंग इंजनाचं कोन पुसते?’

‘पूजेनं नाई तडकलं. पान्यानं तडकलं.’

‘हे तुमाले समजते. मले समजते. पारावर समजीन?’

पार विमलताईंनी पाहिलेला होता. तिथे कुठली गोष्ट कुठे जाऊन पोचते हे त्यांना धर्मपालपेक्षाही नीट माहीत होतं.

‘तीस वर्सं झाली या धंद्यात,’ तो म्हणाला. त्याचा आवाज आता चढत होता. ‘म्या दारू पेऊन पाना धरला नाई कधी. बांधताना हाच ब्लॉक असाच खडू लावून पाह्यला होता. साफ होता. कोनाले सांगू? प्रेमसिंगनं ट्रॅक्टर नेला. आवार पाहा माहं. दिवाई तोंडावर हाय अन् पोरीचं कॉलेज.’ तो मध्येच थांबला आणि फडकं उचललं. ‘जाऊ द्या. मी टाके घालून देतो. तुमचा लाल्या चालन.’

आणि त्याने पिवळी रेघ पुसून टाकली.

‘पुसतं काहून?’

‘ते येऊन राह्यले.’

पुंडलिकराव रस्ता ओलांडत होते. चहाने आणि टाळ्यांनी त्यांचा चेहरा खुलला होता. टपरीवरचे लोक इकडेच पाहत होते, तमाशाचा पुढचा भाग चुकू नये म्हणून.

‘काय मंग? सापडलं?’

‘सापडलं,’ धर्मपाल म्हणाला. ‘ब्लॉक तडकला हाय. बाहेरच्या अंगानं, बोल्टाच्या भोकातून आत ऑइलपर्यंत.’

‘कायनं?’

धर्मपालने खडू खिशात टाकला. ‘लोखंडाले पुसा.’

‘लोखंडाले काय पुसू?’ पुंडलिकरावांनी आवाज टपरीपर्यंत जाईल असा लावला. ‘तुनंच कुठंतरी घन घातला असन. लायनर बसवताना हानला असन. मी पहिल्यापासून म्हनून राह्यलो, याचा हात बिघडला. आता लोखंडालेच पुसा म्हनते!’

धर्मपालच्या मानेची शीर टरारून फुगली. त्याच्या हाताशी मोठा पाना पडला होता. त्याने तो उचलला आणि अगदी सावकाश फळीवर नेऊन ठेवला. विमलताईंनी ते पाहिलं. एवढा तापट माणूस हे सगळं आपल्यापायी गिळतो आहे, हे त्यांना पाहवेना. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ राग आला, स्वतःचाच.

‘त्यानं नाई हानलं,’ त्या म्हणाल्या.

‘तू चूप बस.’

‘पोयाच्या दिवशी इंजन तापलं होतं. मी त्याच्यावर विहिरीचं पानी घातलं. तवाच तडकलं.’

‘तुले काय समजते इंजनातलं?’ पुंडलिकराव झटक्यात म्हणाले. ‘बाईमानसाचं काम हाय काय हे? चाल, डबा घे अन् घरी जा. गाडी भेटन आत्ता.’

उत्तर फारच लवकर आलं होतं. माणूस नवी गोष्ट ऐकतो तेव्हा आधी थबकतो, काय म्हटलं म्हणून विचारतो. हे थबकलेच नाहीत. विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो ब्लॉककडेही पाहत नव्हता. सकाळची करपलेली भाकरी त्यांना आठवली.

त्यांनी धर्मपालपुढे हात केला. ‘खडू दे.’

‘काकू, राहू द्या.’

‘दे म्हनलं न.’

धर्मपालने खडू दिला. विमलताईंनी पदर खोचला आणि घर सारवताना हात फिरवतात तसा ब्लॉकवर खडू फिरवला, वरून खाली, खालून वर. बोटं पांढरी झाली, बांगड्या लोखंडावर वाजल्या. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले होते. रेघ आली. या वेळी आधीपेक्षा फिकी, पण पिवळीच.

‘या, पाहा. ही माही हयद हाय. तडा पहिले गेला, त्याच्यात हयद मंग गेली. त्याच्यानंतर कोन्या दिवशी म्या हयद लावली नाई. पानी पडलं तवा टण्ण आवाज झालता. मी आयकला होता. एवढे दिवस बोलली नाई.’

पुंडलिकराव रेघेकडे पाहत उभे राहिले. तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत राहिले. खर्रा तर केव्हाच थुंकला होता.

‘मीबी आयकला होता,’ ते शेवटी म्हणाले.

विमलताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

‘मी सीटवरच होतो न,’ ते खालच्या आवाजात म्हणाले. ‘बरोबर आयकू आला. तवाच समजलं मले, ब्लॉक गेला. पन तू इतक्या हौसेनं हयद लावून राह्यली होती. तुह्या जिवाले लागलं असतं. गावानं जन्मभर हसलं असतं तुले. म्हून म्हनलं…’

‘म्हून काय म्हनलं?’

‘म्हनलं, मेकॅनिकचं नाव घेतलं तं काय बिघडते? आज बोलतीन, उद्या विसरतीन. त्याले सवय असते.’

विमलताईंनी खडू ठोकळ्यावर ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही तू दमली काय म्हणून विचारलं नव्हतं. आणि माया करायची ठरवली तीही अशी, दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन. क्षणभर त्यांना त्याची कीवही आली. मग त्यांची नजर धर्मपालच्या रिकाम्या आवाराकडे गेली आणि ती कीव कुठल्या कुठे गेली.

‘मले सवय नाई असं वाटलं काय तुमाले?’ त्या म्हणाल्या. ‘मले हसले असते तं हसले असते. मी काय मेली असती? तुमी एका मान्साचा धंदा बसवला, अन् मले घास गोड लागत नोयता, तेबी तुमी रोज पाहून राह्यले होते. माह्यासाठी केलं म्हनू नोका. माह्या नावानं हे पाप नोको मले.’

‘आता काय करू मंग?’ पुंडलिकराव चिडून म्हणाले, पण त्या चिडण्यात दम नव्हता.

‘जिथं बोलले तिथंच जाऊन बोला.’

‘आत्ता?’

‘मंग काय पुढच्या पोयाले?’

पुंडलिकराव निघाले. रस्ता एवढासा, पण मधे दोनदा थांबले. एकदा ट्रकला वाट दिली, एकदा कशालाच नाही. टपरीशी गेल्यावर आधी त्यांनी नलूला चहा सांगितला. मग टोपी काढून डोकं खाजवलं. मग टोपी घातली. विमलताई गॅरेजच्या गेटात पांढरे हात घेऊन उभ्या होत्या आणि तिथून हलत नव्हत्या.

‘प्रेमसिंग,’ पुंडलिकराव म्हणाले, ‘तुहा ट्रॅक्टर वापस आन.’

‘काहून काका?’

‘धर्मपालच्या हातात खोट नोयती. इंजन तापलं होतं अन् पोयाच्या घाईत मी त्याच्यावर थंडं पानी घातलं. माही चूक हाय. मी उगाच त्याले बदनाम केलं.’

‘मी घातलं!’ रस्त्याच्या या बाजूने विमलताई ओरडल्या. इतक्या मोठ्याने की नलूच्या हातातली गाळणी हलली. ‘पानी मी घातलं! हे निस्ते वर बसून होते!’

टपरीवर जो हशा उसळला तो काही थांबेना. कुणीतरी म्हणालं, ‘काकूनं लाल्याले आंघोय घातली!’ दुसरा म्हणाला, ‘साबन लावला होता काय काकू?’ ज्याला त्या एवढे दिवस भीत होत्या तेच हे हसू. ते आलं, अंगावरून गेलं, आणि त्या होत्या तिथेच उभ्या होत्या. नाव पडायचं ते आता पडेल. पडू दे.

‘धर्मपालभाऊ,’ प्रेमसिंगने डोळे पुसत हाक मारली, ‘उद्या आनू काय मंग?’

मागे ड्रिल सुरू झालं होतं. तडा पुढे सरकू नये म्हणून आधी त्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडावं लागतं, मग मधे आटे पाडून धातूचे टाके घालायचे. धर्मपालने ड्रिल बंद केलं. मान न वळवता तो म्हणाला, ‘आन. पन आंघोय घालून आनू नोको.’

पुन्हा हशा झाला. या वेळी विमलताईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. खडूच्याच हातांनी त्यांनी डोळे पुसले. सगळं तोंड पांढरं झालं.

धर्मपाल मात्र हसला नव्हता. पुंडलिकराव चहाचा ग्लास घेऊन आले, दोन्ही हातांनी सांभाळत, स्वतः. त्यांनी तो ब्लॉकशेजारी ठोकळ्यावर ठेवला. ‘घे,’ म्हणाले. धर्मपालने ग्लासाकडे पाहिलं नाही. ड्रिल चालू केलं. लोखंडाचा भुगा पडत राहिला. पुंडलिकराव खुर्चीकडे गेले, पण बसले नाहीत. खुर्ची त्यांनी उचलून विमलताईंच्या जवळ आणून ठेवली आणि बाजूला उभे राहिले. त्याही बसल्या नाहीत.

पहिलं भोक झालं. धर्मपालने दुसरं टोक धरलं. चहावर साय आली, ती सुरकुतली, तिच्यावर भुग्याचे दोन-चार कण पडले. दुसरं भोक झालं तेव्हा त्याने ड्रिल खाली ठेवलं, हात पुसले आणि साय बोटाने काढून टाकली. चहा पार गार झाला होता. तरी तो प्यायला.